मेट्टूरचं पाणी आणि शाळेचं वेळापत्रक

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी जन्मभर शाळेत शिकवत राहिले. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर शिकवण्याबद्दल बोलायचं म्हणजे धाडसच. पण आजचा विषय असा आहे की त्यात आपण सगळेच अजून पहिलीच्या वर्गात बसलो आहोत, म्हणून हिंमत करते. मी तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशम तालुक्यात काम करते. कामाचं नाव लांबलचक आहे: हवामान शिक्षण आणि अधिवास पुनरुज्जीवन फेलो. घरी कोणी विचारलं तर मी सांगते, शाळांमध्ये शिकवते आणि तळी साफ करवून घेते.

तंजावर म्हटलं की मराठी माणसाला व्यंकोजीराजे आठवतात, सरस्वती महाल ग्रंथालय आठवतं आणि मग सांबार. सांबाराची गोष्ट मी आज सांगणार नाही. ती खरी असल्याचा धड पुरावा मला मिळालेला नाही आणि खोटी म्हटलं की भांडणं होतात. भोसल्यांनी तिथे सुमारे १८० वर्षं राज्य केलं, १८५५ साली ते संपलं, आणि आजही तंजावरच्या काही घरांत आपल्याला ओळखू येईल अशी मराठी बोलली जाते, एवढं पुरे.

पापनाशम नावाची गावं तमिळनाडूत दोन आहेत. धबधब्याचं ते तिरुनेलवेलीकडचं. माझं पापनाशम तंजावर–कुंभकोणम रस्त्यावर, कुडमुरुट्टी नदीच्या काठी. संगीतातल्या जाणकारांना ते पापनाशम शिवन (१८९०–१९७३) यांच्या नावामुळे माहीत असतं. मला ते एका कोठारामुळे आवडतं. तिरुप्पालैत्तुरैच्या पालैवननाथर मंदिरात विटांचं एक गोल, शंकूच्या माथ्याचं धान्यकोठार आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, नायकांच्या राजवटीत बांधलेलं, तीन हजार कलम धान्य मावेल एवढं. सहलीला येणारे त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. मी मुलांना तिथे नेते आणि विचारते, जिथे वर्षाला दोन-दोन पिकं निघतात तिथे एवढं धान्य साठवून ठेवायची गरज कोणाला आणि का वाटली असेल? उत्तरं छान येतात. राजा चोर होता, असंही एकदा आलं. पण तासाभराच्या चर्चेनंतर मुलं बहुतेक वेळा एका जागी येऊन थांबतात: पाणी दरवर्षी वेळेवर येईलच, यावर तेव्हाच्या माणसांचाही भरवसा नव्हता.

तो भरवसा विसाव्या शतकात आला. कावेरीवरचं मेट्टूर धरण १९३४ साली पुरं झालं. पूर्ण पातळी १२० फूट, साठा ९३.४७ टीएमसी. १२ जूनला दरवाजे उघडायचे, २८ जानेवारीला बंद करायचे, असा रिवाज पडला. मेट्टूरहून सुटलेलं पाणी तीन-चार दिवसांत कल्लणै बंधाऱ्याला पोहोचतं आणि तिथून फाटे फुटत फुटत आमच्या चाऱ्यांत उतरतं. जूनच्या पाण्यावर कुरुवै, हे हळवं भात. मग सांबा, हे गरवं. कुरुवै कापून त्याच रानात पुन्हा लावणी केली तर ताळडी. आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, बायका नदीवर जाऊन नव्या पाण्याची पूजा करतात. ऑक्टोबरात, आपल्याकडे पाऊस परतून गेलेला असतो तेव्हा, तिकडचा खरा पाऊस सुरू होतो आणि डिसेंबरापर्यंत चालतो. लग्नं, कर्जाचे हप्ते, बैलांचे बाजार, सगळं या चक्राला बांधलेलं.

आता अलीकडची वर्षं बघा. २०१२ ते २०१९, सलग आठ वर्षं १२ जून हुकला. २०२० साली जुळला. २०२२ साली धरण इतकं भरलं होतं की २४ मे रोजीच दरवाजे उघडले. २०२३ साली वेळेवर उघडले, पण ऑक्टोबरातच बंद करावे लागले. २०२४ साली पाणी सुटायला जुलै संपत आला. या सगळ्याचं खापर एकट्या हवामानबदलावर फोडणं मला मान्य नाही. कावेरीचं पाणी दोन राज्यांच्या भांडणातून वाहतं. १९९० साली लवाद नेमला गेला आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात तमिळनाडूचा वाटा १७७.२५ टीएमसी ठरवला. पण वाटा कागदावर ठरतो, पाऊस कुर्गच्या डोंगरात पडावा लागतो. शेतकऱ्याला यातलं कुठलं कारण किती टक्के, याच्याशी घेणं नसतं. रोपवाटिका कधी टाकायची, हा त्याचा प्रश्न आहे, आणि त्याच्या आजोबांना हा प्रश्न कधी पडला नव्हता.

आता शिकवण्याकडे वळते. पर्यावरण हा सक्तीचा विषय करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सांगितलं आणि २००३ साली पुन्हा बजावलं. त्यानंतर पदवीच्या वर्गांसाठी जे पाठ्यपुस्तक आलं ते पुण्याच्या एराक भरुचांचं. इथे बसलेल्या पुष्कळांनी ते परीक्षेपुरतं वाचलं असेल. आदेश झाले, पुस्तकं झाली, शाळाशाळांत हरितसेना झाल्या. तरी पापनाशमच्या आठवीतल्या मुलीला हवामानबदल म्हणजे काय विचारलं की ती वितळणारा बर्फ आणि त्यावरचं पांढरं अस्वल सांगते. तिच्या गावात फ्रीजबाहेर बर्फ कोणी पाहिलेला नाही.

म्हणून मी एक यंत्र वर्गात आणलं. भातखरेदी केंद्रावर ओलावा मोजायचं असतं ते. हातात मावतं. वाटीसारख्या खोबणीत मूठभर दाणे घालायचे, झाकणाचा स्क्रू घट्ट आवळायचा, बटण दाबायचं. क्षणभराने आकडा येतो. सतराच्या आत असेल तर भात केंद्रावर घेतात. वर असेल तर पोती परत, पुन्हा वाळवा. मुलींनी घरून डब्यांत भात आणलं होतं. एकीचं १६.२ आलं, तिने टाळी वाजवली. एकीचं १९.८ आलं. ती काही बोलली नाही, नुसती डब्यात बोट घालून दाणे खालीवर करत राहिली. मग तिने विचारलं, हे यंत्र चुकीचं नाही ना? हाच प्रश्न तिच्या वडिलांनी केंद्रावर विचारला होता. आम्ही तेच दाणे शाळेच्या गच्चीवर पसरले आणि दर तासाने मोजत बसलो. आभाळ होतं. संध्याकाळपर्यंत आकडा दीड टक्क्याने उतरला. वाळवायला अंगण नाही म्हणून रस्त्यावर भात घालणारा माणूस कशासाठी ट्रकवाल्यांच्या शिव्या खातो, हे त्या दिवशी कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात अवेळी पाऊस झाला. सांबा कापणीला उभं होतं, ते आडवं झालं. ओलाव्याची अट २२ टक्क्यांपर्यंत सैल करा, अशी मागणी राज्य सरकारने दिल्लीकडे केली. हवामानबदलाचं राजकारण कसं चालतं याचा याहून सोपा धडा मला माहीत नाही: पाऊस कुठे पडला, दाण्यात किती पाणी राहिलं, ते किती असावं हे कुठल्या शहरात ठरतं. पाठ्यपुस्तकात हा धडा नाही. असता तर त्याखाली रिकाम्या जागा भरा आले असते, ही भीती वेगळी.

इथे मला सरफोजीराजांचं नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. दुसरे सरफोजी, १७९८ ते १८३२ गादीवर. त्यांच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचं एक मराठी नाट्य आहे. कुरवंजी हा मूळ तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरातून आलेली कुरत्ती नायिकेचा हात पाहून भविष्य सांगते. सरफोजींनी याच कुरत्तीच्या तोंडी जगाचा भूगोल घातला. देश, समुद्र, नद्या ती गाऊन सांगते. त्या काळी हे ज्ञान नवं होतं, बऱ्याच जणांना संशयास्पद वाटणारं होतं. ते शिकवायला त्यांनी साहेबाच्या वेषातला मास्तर रंगमंचावर आणला नाही, लोकांच्या ओळखीची बाई आणली. शिक्षणशास्त्रातली ही युक्ती मला आजच्या पुष्कळ प्रशिक्षण शिबिरांपेक्षा वरची वाटते. मात्र एक तक्रार नोंदवते: जगाच्या नद्या सांगणाऱ्या त्या भूगोलात दाराशी वाहणाऱ्या चारीला जागा नाही. ती उणीव आपण दोनशे वर्षं चालू ठेवली.

आमची कुरत्ती म्हणजे एक म्हातारा नीर्कट्टी. आपल्याकडे पाटकरी म्हणतो, तो. कुठली झडप किती फिरवायची, कोणाच्या रानात आधी, चारीच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोहोचायला किती वेळ, हे सगळं त्याच्या डोक्यात. मुलं त्याला ताता म्हणतात. वर्गात खुर्चीवर बसायला तो तयार होईना, म्हणून तास चारीवर घेतला. त्याने काठीने चिखलात नकाशा काढला आणि पहिलंच वाक्य बोलला ते असं: पाणी कमी झालं म्हणून भांडणं वाढली असं तुम्ही म्हणता, पण चारी कोण उपसणार हे ठरेनासं झालं तेव्हाच भांडणं सुरू झाली होती.

माझ्या कामाचा दुसरा अर्धा भाग या वाक्यात आहे. अधिवास पुनरुज्जीवन म्हटलं की लोकांना रोपं दिसतात. पाहुणे येतात, खड्डे तयार असतात, फोटो निघतो. पापनाशमच्या चाऱ्यांत आणि तळ्यांत पहिली दोन वर्षं लावण्याचं काम जवळजवळ नसतंच, काढण्याचं असतं. काढायचं ते मुख्यतः एक झुडूप. तमिळमध्ये नेय्वेली काट्टामणक्कु, आपल्याकडे बेशरम. जांभळट गुलाबी कर्ण्यासारखी फुलं, पोकळ काठ्या, तोडली की पांढरा चीक. मूळ अमेरिकेतलं. शेळी तोंड लावत नाही, कारण विषारी. त्याची काठी कापून ओल्या चिखलात टाकली तर प्रत्येक पेरातून मुळं फुटतात, म्हणजे कोयत्याने साफ करणारा माणूस नकळत लागवड करत असतो. पाणी आलं की तुकडे वाहत खालच्या गावात जाऊन रुजतात. म्हणून ते उपटायचं कोरड्यात, खोडाच्या गड्ड्यासकट, आणि बांधावर उंच ढीग करून पुरतं वाळवायचं. हे काम कंटाळवाणं आहे, अंगाला खाज सुटते आणि त्याचं उद्घाटन करायला कोणी येत नाही.

एवढं केलं की पुढचं बरंचसं तळं स्वतः करतं. काठाला लव्हाळा येतो, पाणकणीस येतं, मग टिबुकली, वंचक, जांभळी पाणकोंबडी. बांध धरायला आम्ही वाळा आणि केवडा लावतो, वर ताडाच्या बिया टोचतो. ताड मोठा व्हायला दशकं लागतात. निधी देणाऱ्या संस्थांच्या अहवालात तो कधीच चांगला दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, पूर्वी गावं हे आपोआप करत होती. कुडिमरामत्तु म्हणतात त्या प्रथेला: घरटी माणूस देऊन तळी-चाऱ्या दुरुस्त करणं. तिचे गोडवे तिकडे हल्ली फार गायले जातात आणि २०१७ च्या सुमारास सरकारने त्याच नावाने योजनाही काढली. मला इथे जरा खोडा घालायचा आहे. ब्रिटिशांनी १८५८ साली मद्रास इलाख्यात याच कामासाठी सक्तीच्या श्रमाचा कायदा केला होता. प्रथा इतकी राजीखुशीची असती तर कायदा कशाला लागला असता? आणि अनेक गावांत नीर्कट्टी दलित समाजातला. सगळ्यांच्या रानाला पाणी देणारा, स्वतःच्या नावावर गुंठाभर रान नसलेला. ती व्यवस्था जशीच्या तशी परत आणा, असं मी म्हणणार नाही. त्या व्यवस्थेत एक गोष्ट मात्र होती जी आजच्या कुठल्याही प्रकल्पात सापडत नाही: अमुक महिन्यात अमुक टप्पा कोणाचा, हे गावातल्या पोराला सुद्धा ठाऊक असे. पाळी ठरलेली होती. अधिवास टिकतो तो पाळीवर. पाळी मोडली की बेशरम शिरते, मग माणसं म्हणतात, हवामान बदललं.

याचा सर्वात चांगला दाखला मला तंजावरात मिळाला नाही, आपल्याच विदर्भात मिळाला. भंडारा-गोंदियातले मालगुजारी तलाव कोहळी समाजाने बांधले, पिढ्यान्‌पिढ्या राखले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ती जायलाच हवी होती. पण तलावाचं राखणंही तिच्याबरोबर गेलं. गाळ साठला, बेशरम माजली, देशी मासे आटले. मनीष राजनकरांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर समाजाला बरोबर घेऊन हे उलटं फिरवायला सुरुवात केली. अर्जुनी मोरगाव भागात बायका पुढे झाल्या. त्यांनी बेशरम उपटली, तलावाचा कोरडा काठ नांगरला, दुसऱ्या तलावांतून देशी पाणवनस्पती आणून रोवल्या. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. मासा हा त्यांचा रोजगार, म्हणून पुढच्या वर्षी कोण येणार हा प्रश्नही उरला नाही. पापनाशमला मी या तलावांची चित्रं दाखवते तेव्हा तिथल्या अक्का पहिला प्रश्न विचारतात तो माशांच्या भावाचा. बरोबरच आहे.

तंजावर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पाल्कच्या उपसागरावर, सरफोजींनी बांधलेला मनोरा आहे. आठ मजली, नेपोलियनच्या पराभवाच्या आनंदात १८१४-१५ च्या सुमारास उभारलेला. तंजावरच्या मराठी राजाने फ्रान्सच्या बादशहाचा पराभव का साजरा करावा, हे इंग्रजांच्या मर्जीवर असलेल्या राजांनाच विचारायला हवं. आज त्या मनोऱ्यासमोरच्या समुद्राला निराळं महत्त्व आलं आहे. तंजावर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचं ४४८ चौरस किलोमीटर पाणी सप्टेंबर २०२२ मध्ये डुगाँगसाठी राखीव झालं, देशातलं अशा प्रकारचं पहिलं. डुगाँग म्हणजे समुद्रगाय. शांत, अजागळ प्राणी, दिवसाला तीसेक किलो सागरी गवत खातो. जाळ्यात अडकला की पाण्यावर येऊन श्वास घेता येत नाही म्हणून मरतो. तिथे डॉ. बालाजी यांची ओम्कार फाउंडेशन कोळ्यांबरोबर काम करते. बांबूच्या चौकटीला काथ्याच्या दोऱ्या बांधून त्यांत सागरी गवताचे कोंब खोवतात आणि चौकट उथळ तळाशी बसवतात. बांबू-काथ्या कुजून जातो, गवत राहतं. प्लास्टिक नाही, लोखंड नाही. मी पापनाशमची मुलं तिथे नेते ती चौकट बघायला, आणि हे सांगायला की आपल्या चाऱ्यांतलं उरलंसुरलं पाणी, त्यातलं खत आणि औषध, शेवटी कुठल्या ना कुठल्या समुद्रातच जातं.

तंजावरला ही शिकवण बाहेरून आलेली नाही, हेही नोंदवायला हवं. जी. नम्माळ्वार (१९३८–२०१३) याच जिल्ह्यातले. सेंद्रिय शेती शिकवत ते गावोगाव चालले आणि मिथेन प्रकल्पाविरुद्ध लोकांना जागं करत असतानाच पट्टुक्कोट्टैजवळच्या एका गावात वारले. २०२० साली त्रिभुज प्रदेश कायद्याने संरक्षित शेतीक्षेत्र झाला, त्यामागे अशा पायपिटीची वर्षं आहेत. नेल जयरामन यांनी शंभरावर पारंपरिक भातांचं बियाणं परत शेतांत आणलं. पुरात तग धरणारी उंच वाणंही त्यात आली. हे दोघेही कुणाचे फेलो नव्हते.

आणि आता फेलोशिपबद्दल, कारण इथे तरुण मंडळी बसली आहेत आणि काहींनी अर्ज भरले असतील. तमिळनाडू सरकारने २०२३ पासून मुख्यमंत्री हरित फेलोशिप सुरू केली आहे, जिल्ह्याला एक फेलो, दोन वर्षांची मुदत, अण्णा विद्यापीठाची पदविका सोबत. खाजगी संस्थांच्या फेलोशिपही आहेत. हेतू चांगले आहेत. माझी तक्रार कॅलेंडरशी आहे. पाणी बंद होतं जानेवारीअखेर. चाऱ्या कोरड्या असतात फेब्रुवारी ते मे. उपसणं, उपटणं, बांधबंदिस्ती हे सगळं याच चार महिन्यांत. मार्च-एप्रिलमध्ये शाळांना परीक्षा, मेमध्ये सुट्टी. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पाणी आलेलं असतं आणि चारीत उतरता येत नाही. म्हणजे मुलं मोकळी तेव्हा शाळा बंद, शाळा चालू तेव्हा काम बंद. त्यात फेलो रुजू होतो पावसाळ्यात. त्याला गाव कळेपर्यंत जानेवारी येतो, आणि पहिला कोरडा हंगाम परवानग्यांत जातो. हाती एकच हंगाम उरतो.

यावर उपाय अवघड नाहीत, कोणाला तरी सही करावी लागेल एवढंच. फेलोला फेब्रुवारीत रुजू करून घ्या. मेमधलं चारीकाम शाळेच्या गुणांत धरा, पण फक्त मोजणीचं आणि नोंदीचं. मुलांच्या हातात कुदळ देऊन मजुरी वाचवू नका. उपसण्याची मजुरी रोजगार हमीतून द्या आणि नीर्कट्टीला पंचायतीच्या पगारपत्रकावर घ्या. फेलोच्या मानधनातला काही हिस्सा मुदत संपल्यावर तीन वर्षं गावातल्या एका माणसाला मिळेल अशी तरतूद करा, आणि तो माणूस गावाने निवडावा. हे मी एका कार्यालयात मांडलं तेव्हा कल्पना उत्तम आहे म्हणून मला चहा मिळाला.

तोवर आम्ही आमचं वेळापत्रक करून घेतलं आहे. १२ जूनला पाणी सुटेल असं धरायचं आणि तिथून उलटं मोजायचं: मेअखेर उपटलेलं सगळं वाळून जळलेलं हवं, एप्रिलअखेर गड्डे निघालेले हवेत, मार्चमध्ये मोजणी, फेब्रुवारीच्या पहिल्या ग्रामसभेत टप्पे आणि नावं. तमिळमधल्या तक्त्याचं मराठी करून शंभरेक प्रती आणल्या आहेत. महिने बदलले की ते आपल्या कालव्यांनाही लावता येईल. बाहेर पुस्तकांच्या टेबलावर ठेवल्या आहेत. प्रश्न असतील तर आता घेऊया.